एका वेळी एकच माप

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून, दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जाऊन यजमानालाच त्याची बैठकीची खोली आवरायला लावणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. हे मी कौतुकाने लिहीत नाही. आमच्या सांगलीच्या फ्लॅटमधून त्यांनी आजवर काचेच्या हंसांची एक जोडी, प्लॅस्टिकच्या फुलांचे दोन गुच्छ, शिंपल्यांची एक होडी, भिंतीवरचं एक बरं चाललेलं घड्याळ आणि माझ्या नावाची जवळजवळ सगळी स्मृतिचिन्हं हद्दपार केली आहेत. प्रत्येक वेळी चहा आमचाच घेतला, जेवले आमच्याकडेच, आणि निघताना माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून, "आता घर घरागत दिसतंय बग, पोरी," असं म्हणून एसटी पकडली. नातेवाइकांत त्यांच्यावर रागावणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या दिवसापर्यंत तो राग कोणाला टिकवता येत नाही. माझा बऱ्यापैकी टिकला आहे.

मामा सैन्यात होते, पण बंदुकीपेक्षा त्यांचा संबंध पिठाशी जास्त आला. रेशनच्या भांडारात डाळ, साखर, पीठ मोजून देण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात घर बांधलं आणि धान्य मोजायची जुनी मापं जमवायला सुरुवात केली. घरोघरी किलोचा हिशेब येण्याआधी आपल्याकडे ज्वारी, तांदूळ मापावर मिळत. चार शेरांची पायली, तिच्या निम्मी अधोली, मग शेर, शेराच्या निम्मं मापटं, त्याच्या निम्मं चिपटं, आणि त्याखाली कोळवं, निळवं अशी मुठीत मावणारी पिल्लं. पितळेची, लोखंडाची, लाकडाला पट्ट्या मारलेली. रहिमतपूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर मामा एका पितळी पायलीसाठी इतक्या वेळा जाऊन बसले, की शेवटी त्या घरच्यांनी त्यांना पायली दिली ती ओटा मोकळा व्हावा म्हणून. एवढं सगळं सोडून मापंच का जमवता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मंग काय तिकिटं जमवू? ती चाटून चिकटवायची, आन चाटायचं कुनी?"

जमवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या घरी गेलं की आधी पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. मामांच्या घरी उलट होतं. पुढच्या खोलीत एक लोखंडी कॉट, दोन खुर्च्या आणि भिंतीत ठोकलेली हातभर लांबीची एक फळी. फळीवर एक माप, शाळूच्या ज्वारीने शिगोशीग भरलेलं. बस्स. बाकीची सगळी मापं कॉटखालच्या काळ्या ट्रंकेत. पायलीत अधोली, अधोलीत शेर, शेरात मापटं, अशी एकमेकांच्या पोटात बसलेली. आठवड्याच्या बाजाराला पाळी बदलायची. खाली उतरलेलं माप रिकामं करून, फडक्याने पुसून, लोखंडाचं असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून ट्रंकेत जायचं आणि दुसरं वर यायचं. बाकीची दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "ती सुट्टीवर हायत." एकदा कोणी बडे निवृत्त अधिकारी हा संग्रह पाहायला गाडी घेऊन आले होते. मामांनी त्यांना फळीवरचं चिपटं दाखवलं, चहा दिला आणि सांगितलं, "आवं सायेब, आज ह्येची पाळी हाय. दुसरं बगायचं तर फुडल्या बाजाराला या." साहेबही हट्टी निघाले. ते बाजाराच्या बाजाराला येत राहिले आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांचा संग्रह पाहून कधी पुरा झाला नाही.

मामांचे मापांबाबत दोन नियम होते: माप रिकामं ठेवायचं नाही आणि पालथं घालायचं नाही. पहिल्या नियमाचा त्रास मामींना. घरातलं पीठ संपलं आणि मामा बाहेर असले की मामी सरळ फळीवरचा शाळू गिरणीत पाठवायच्या. एकदा मामा जेवून उठले, हात पुसत पुढच्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, "आगं, माप रिकामं कसं? पाळीवरचा शाळू गेला कुटं?" मामी आतून म्हणाल्या, "आत्ता ज्येवलासा न्हवं का तुमी? त्योच." त्यावर मामा बराच वेळ बोलले. त्याचा सारांश असा की या घरात प्रदर्शन भाजून खातात. मामींचंही म्हणणं नोंदवायला हवं: "मापं ट्रंकंत, आन माज्या साड्या दोरीवर. म्या बी आता पाळीनंच ऱ्हाते ह्या घरात."

आता आमच्या घरातला प्रकार. वर्तमानपत्राच्या नोकरीत माणसाला पगारापेक्षा सत्कार जास्त मिळतात. शाल, नारळ आणि काचेत बसवलेलं काहीतरी. मी ती काचेतली काहीतरं एका कपाटात मांडली होती, खाली दिवे लावून. मामा आले, बसले, पाणी प्याले आणि कपाटाकडे बघत राहिले. मला वाटलं, वाचताहेत.

"जावईबापू, ह्ये दुकान कवा टाकलं?"

"दुकान नाही हो मामा. सत्कारात मिळालेली आहेत."

"आसं व्हय. मंग ह्यातला कंचा सत्कार खरा?"

सगळेच खरे आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मानूस बगतं तवा एक बगतं, गड्या. दहा ठिवली तर कायच बगत न्हाई, नुसती धूळ बगतं. ह्यातलं एक काडा. ज्ये मिळालं तवा रातीला झोप लागली न्हाई, त्ये." मी विचार करू लागलो, आणि माझी चूक तिथे झाली. कारण विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की असं त्यात एकही नाही. बायको तोपर्यंत खोकं घेऊन आली होती. ती त्यांचीच भाची. मला माझ्याच घरात, माझ्याच सत्कारांबद्दल, चहा पीत पीत निरुत्तर करण्याचा अधिकार या गृहस्थांना कोणी दिला, हे मला आजही समजलेलं नाही.

पलूसच्या लग्नातला अपमान तर चारचौघांतला आहे. मामांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. नवी नवरी सासरच्या उंबऱ्यात येते तेव्हा धान्याने भरलेलं माप पायाने हळूच लवंडून आत येते, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. पण आता खरं माप कोणाकडे नसतं. दुकानातून मोती आणि लेस चिकटवलेला तांब्या आणतात आणि त्यालाच माप म्हणतात. मामांनी आदल्या दिवशी सांगलीला येऊन मला एक कापडी पिशवी दिली होती. "परसाद हाय. खाली ठिवू न्हका." सांगली ते पलूस मी ती पिशवी एसटीत मांडीवर घेऊन बसलो. प्रसाद इतका जड कसा, असं एकदा विचारलंही. मामा म्हणाले, "देव मोटा हाय."

उंबऱ्याशी कॅमेरावाल्याने नवरीकडून दोनदा सराव करून घेतला. तांब्या इतका हलका, की तिच्या पायाचा वारा लागूनही पडेल. मामांनी वाकून त्यात पाहिलं. "ह्यात तांदूळ हायत का तांदळाचा वास हाय नुस्ता?" असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवरून उतरलेला प्रसाद पिशवीतून काढला. तो लोखंडी शेर होता. तो तांदळाने शिगोशीग भरून तांब्याच्या जागी ठेवेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. नवरीने सरावाप्रमाणे पाय मारला. शेर जागचा हलला नाही. नवरी हलली.

"वहिनी, परत एकदा, अजून स्माइल करून," कॅमेरावाला म्हणाला.

"हळूच लोटायचं आस्तं, बाळ," मामा म्हणाले. "फुटबाल न्हाई त्यो."

नवरी अंगठा धरून उंबऱ्यावर बसली होती. डोळ्यांत पाणी, पण बोलली ती हसून: "मामा, माप लय खरं हाय तुमचं." मामा खूश. आणि इकडे नवरीची पाठराखीण म्हणून आलेली मावशी ओळीने सगळ्यांना विचारत होती, की ही लोखंडी वस्तू इथे आणली कोणी. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि वस्तुस्थिती पाहता ते चूक नव्हतं.

हे सगळं मी रागाने सांगतो आहे, पण पुढचं सांगताना जो राग येतो तो वेगळा आहे.

मामांचा मुलगा संजय साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. चांगला मुलगा. वडिलांनी आयुष्यभर जे जमवलं ते कॉटखाली पडून राहतं आणि लोकांना दिसतच नाही, याची त्याला मनापासून खंत होती. त्याने घराचं काम काढलं तेव्हा महिनाभर मामांना पलूसला बहिणीकडे पाठवलं आणि मामींना गप्प राहायची शपथ घातली. त्यांना अचानक आनंद द्यायचा होता. पुण्याहून घर सजवणारी एक बाई आली. तिने पुढच्या खोलीची एक सबंध भिंत घेतली. काचेचे कप्पे केले, कप्प्यांत पिवळे दिवे सोडले. मापं ॲसिडने घासून लख्ख केली. लहान मापं पडू नयेत म्हणून गोंदाने काचेला चिकटवली. आणि मोठी मापं, म्हणजे पायल्या, अधोल्या, शेर, पालथी टांगून त्यांचे दिवे केले. दिव्याची वायर आत घेण्यासाठी प्रत्येकाच्या तळाला भोक पाडलं.

त्या बाईंचं म्हणणं मी नंतर स्वतः ऐकलं आहे. त्या म्हणाल्या, "सर, एवढ्या वस्तू नुसत्या ठेवल्या असत्या तर पसारा वाटला असता. आता त्यांना काहीतरी फंक्शन आहे." धान्य मोजणं हे काम त्यांच्या मोजणीत नव्हतं. एवढ्या वस्तूंचा पसारा त्या घरात कधीच नव्हता, एका वेळी एकच दिसत होती, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भोक पाडलेल्या मापाला माप म्हणत नाहीत, हे समजायला कोणतंही शिक्षण लागत नाही. पण मामा परतण्याआधी ती भिंत पाहून गेलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांतल्या एकालाही ते समजलं नाही. सगळे फोटो काढून गेले. ज्यांच्या घरात आयुष्यभर माप होतं असे म्हातारेसुद्धा "लय झ्याक झालंय" म्हणून गेले. मला याचा राग सर्वांत जास्त येतो.

मामा आले. संजयने दार उघडून आधी बटण दाबलं. सगळी भिंत उजळली.

"आबा, कसं वाटलं?"

मामा उंबऱ्यातच थांबले होते. त्यांनी वर टांगलेली पायली पाहिली, रहिमतपूरची. तिच्या तोंडातून उजेड खाली पडत होता. "उजेड लय पडतोय," एवढं ते म्हणाले आणि आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्यानंतर ते पुढच्या खोलीत बसलेच नाहीत. चार-सहा दिवसांनी मामींचा मला फोन आला. "जावईबापू, ह्ये भांडंनात. मला बी न्हाई, पोराला बी न्हाई. भाकरी करपली तरी गप खात्यात. मला भ्या वाटाय लागलंय."

पुढे आमच्या घरी एक कार्यक्रम निघाला. मामा येणार म्हणून बायकोने एक उपाय केला. माळ्यावरची खोकी खाली काढली आणि ते कपाट पुन्हा भरलं. हंस, होडी, फुलांचे गुच्छ, माझे सगळे सत्कार, शिवाय शेजारणीकडून उसना आणलेला, टाळी वाजवली की मान डोलावणारा एक कुत्रा. दिवे लावले. मामा आले, त्याच खुर्चीवर बसले. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे. ते कपाटाकडे बराच वेळ बघत होते. बायकोने टाळी वाजवली. कुत्र्याने मान डोलावली.

"बरं हाय," मामा म्हणाले. "छान मांडलंय."

बायको आत जाऊन रडली. इतक्या वर्षांत या माणसाने आमच्या घरात काढलेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो ऐकून मला जो संताप आला तो त्यांच्या कुठल्याच टोमण्याने आला नव्हता. मी त्याच आठवड्यात साताऱ्याला गेलो आणि संजयला जे बोलायचं ते बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "भावजी, सगळ्यांनी आबांचं सगळं एकदम बघावं, एवढंच होतं माझ्या मनात. ते एकदा ओरडले असते ना, तर मी त्याच दिवशी भिंत फोडली असती. ओरडतच नाहीत." त्याच्यावरचा माझा राग गेला असं मात्र नाही.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा दुपार होती. भिंतीवरचे दिवे बंद होते आणि रहिमतपूरच्या पायलीची जागा रिकामी होती. मागच्या अंगणात संजय फरशीवर बसला होता, मांडीत ती पायली. तिच्या तळाच्या भोकावर आतून पितळेची एक चकती बसवून त्याने कथील वितळवून डाग दिला होता. कारखान्यातून कोणाला सांगून करून घेतलेलं नव्हतं. स्वतःच्या हाताने केलेलं, आणि चकतीच्या कडेने डाग थोडा ओघळलाही होता. डाव्या हाताची दोन बोटं भाजलेली दिसत होती. मामा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे होते. त्याने पायली त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी शाळूचं पोतं आणि लाकडी शेर ठेवला. लाकडी असल्यामुळे तेवढा एक दिव्यांतून सुटला होता.

मामांनी तळावरून अंगठा फिरवला. पायली उचलून उजेडाकडे धरली. मग मांडी घालून बसले आणि शेर भरून, वरून तळहात मारून, एकेक करून पायलीत ओतू लागले. चौथा शेर ओतताना हात मंद झाला. पायली काठोकाठ भरली आणि शेरात चिमूटभर शाळू शिल्लक राहिला.

संजयने ते पाहिलं. "चकती जाड झाली, आबा. काढतो. पातळ पत्र्याची करतो परत."

"ऱ्हाऊ दे."

"खोटं माप झालं की ते."

"ऱ्हाऊ दे म्हन्लं न्हवं! कानात बोळं घातल्यात काय रं?" मामा ओरडले. मामी आतून पळत बाहेर आल्या आणि नवरा ओरडतोय हे पाहून पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या. मग मामांनी ओरडायला सुरुवात केली ती सगळी भिंत, गोंद, ॲसिड, पुण्याची बाई आणि शेवटी मी, "तुमी पत्रकार हायसा, तुमाला येकदा येऊन बगाय काय झालतं?" इथपर्यंत. मला काही कळवलंच नव्हतं, हे मी सांगून पाहिलं. माझा यात काहीही संबंध नव्हता. संजय खाली मान घालून ऐकत होता, आणि त्याचा चेहरा दिवाळी असल्यासारखा झाला होता.

ती भिंत पुढे उतरवली. चिकटवलेली बरीचशी मापं सोडवताना कडेला उडाली, भोकं पडलेल्या बाकीच्यांना डाग देणं संजयला जमलं नाही, आणि मामांनी ती दुसऱ्या कोणाला देऊ दिली नाहीत. आता पुढच्या खोलीत फळी आहे आणि तिच्यावर ती एक पायली असते. पाळी बदलत नाही. मामांचं वय झालं आहे, एसटीने सांगलीला येणं त्यांना झेपत नाही. शेजारी कोणाचं उसना शाळू परत करायचा असला की ते त्याच पायलीने मोजतात. भरतात, तळहात मारतात आणि मग पोत्यातून चिमूटभर उचलून वरून घालतात.

गेल्या खेपेला मी ते पाहत होतो. एवढ्या काटेकोर माणसाला मी विचारलं, "मामा, ती चिमूट बरोबर तेवढीच पडली, हे कसं कळतं?"

संजय पाठीमागे चपला घालत होता. मामांनी तिकडे पाहिलं नाही.

"कळत न्हाई," ते म्हणाले. "म्हनून जरा जास्तच घालतो."